दवाखाना चालला नाही म्हणून रिकामा बसलेल्या डॉक्टरने मधुमेही पोरांना पक्के दात येण्याइतकं आयुष्य दिलं

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बालदिन. शाळेत पंडित नेहरूंचा फोटो, त्याला गुलाबाचं फूल, दोन-चार भाषणं आणि शेवटी खाऊ.

पण याच तारखेला जगभर आणखी एक दिवस पाळतात. जागतिक मधुमेह दिन. आता तो १४ नोव्हेंबरलाच का? तर त्या दिवशी फ्रेडरिक बँटिंग नावाच्या माणसाचा जन्म झाला होता. नेहरूंचा जन्म १८८९ चा आणि बँटिंगचा १८९१ चा.

बालदिन आणि मधुमेह दिन एकाच तारखेला येणं हा निव्वळ योगायोग. पण तो बरोबर जुळलाय. कारण बँटिंगच्या कामाचा सगळ्यात पहिला फायदा झाला तो लहान पोरांना.

तो फायदा किती मोठा होता, हे समजून घ्यायचं असेल तर एक साधी गोष्ट बघा. आज मधुमेह असलेल्या मुलाचे आईवडील दातांच्या डॉक्टरला विचारतात, याचे पक्के दात नीट येतील ना? वेळेवर येतील ना? हिरड्यातून रक्त का येतंय?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे प्रश्न कुणाला पडायचेच नाहीत. कारण सगळे पक्के दात येण्याआधीच ते मूल गेलेलं असायचं.

तेव्हा हा आजार म्हणजे काय होता?

मुलांमध्ये जो मधुमेह जास्त करून दिसतो तो टाइप १. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या संपवते. इन्सुलिन नाही, म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या आत जात नाही. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. सारखी तहान, सारखी लघवी आणि बघता बघता वजन उतरतं. जास्त गोड खाल्लं म्हणून हा आजार होत नाही, हे आजही अनेकांना माहीत नाही.

१९२० च्या आधी मुलाला हे निदान झालं की बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत सगळं संपायचं. उपाय एकच होता, उपास. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक ॲलन यांनी ही पद्धत रूढ केली होती. पोटात साखर जायलाच नको म्हणून मुलांना इतकं मोजून खायला द्यायचं, की काहींना दिवसाला जेमतेम ४०० कॅलरी मिळायच्या. उपास करून आयुष्य थोडं लांबायचं, पण मूल हाडांचा सापळा व्हायचं.

आता दातांचं वेळापत्रक बघा. साधारण सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते. त्याच सुमारास दुधाचे दात पडायला लागतात. बारा-तेराव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडून २८ दात तोंडात येतात. म्हणजे पाचव्या-सहाव्या वर्षी ज्याला मधुमेह झाला, ते पोर दुधाचे सगळे दात पडेपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकायची पद्धत आहे, नवा दात चांगला यावा म्हणून. त्या पोरांच्या वाट्याला तेवढे नवे दात यायचेच नाहीत.

हे चित्र बदललं ते एका अशा डॉक्टरमुळे, ज्याच्याकडून कुणाला फारशी अपेक्षा नव्हती.

पहिल्याच वर्षी नापास

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ॲलिस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी घरात बँटिंग जन्मला. पाच भावंडांत सगळ्यात धाकटा. अभ्यासात बेताचा. १९१० साली टोरंटोला कॉलेजात गेला आणि पहिल्याच वर्षी गटांगळी खाल्ली. मग मेडिकलला जायचं डोक्यात घेतलं आणि १९१२ ला तिकडे वळला.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. सैन्याला डॉक्टर हवे होते, म्हणून त्याच्या बॅचचा अभ्यासक्रम लवकर उरकण्यात आला. १९१६ च्या शेवटी डिग्री हातात पडली आणि तो थेट सैन्यात गेला. १९१८ ला फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या हातात घुसला. तशा अवस्थेतही तो तासन्‌तास बाकीच्या जखमींवर उपचार करत राहिला. त्यासाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

परत आल्यावर टोरंटोच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये हाडांच्या शस्त्रक्रिया शिकला. तिथे कायमची जागा मिळाली नाही. मग १९२० च्या उन्हाळ्यात लंडन गाठलं. इंग्लंडचं नाही, ओंटारिओतलंच लंडन नावाचं शहर. तिथे स्वतःचा दवाखाना टाकला.

दवाखाना उघडला, पण पेशंटच येईना. पहिल्या महिन्याची कमाई झाली ४ डॉलर. ठरलेलं लग्न लांबत चाललेलं, डोक्यावर कर्ज. शेवटी खर्च भागवायला तिथल्या मेडिकल कॉलेजात त्याने अर्धवेळ शिकवायची नोकरी धरली.

रात्री दोन वाजता लिहिलेली चिठ्ठी

३० ऑक्टोबर १९२० ची रात्र. शिकवायच्या तयारीत शरीर साखर कशी वापरतं हा विषय होता. बँटिंगला त्यातलं विशेष काही येत नव्हतं. झोपण्याआधी त्याने एका वैद्यकीय मासिकातला स्वादुपिंडावरचा लेख वाचला. एका पेशंटच्या स्वादुपिंडाची नळी खड्याने बंद झाली होती. त्यामुळे पाचक रस बनवणाऱ्या पेशी मेल्या होत्या, पण लँगरहॅन्सची बेटं म्हणतात तो पेशींचा गट शाबूत होता.

स्वादुपिंड काढून टाकलं तर कुत्र्याला मधुमेह होतो, हे १८८९ मध्येच मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी दाखवलं होतं. म्हणजे साखर ताब्यात ठेवणारं काहीतरी तिथे तयार होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. अडचण अशी की ते बाहेर काढायला गेलं की स्वादुपिंडातलाच पाचक रस त्याचा नाश करत असावा, असा समज होता.

रात्री दोनच्या सुमारास बँटिंगच्या डोक्यात आलं. नळी मुद्दाम बांधली तर? पाचक पेशी मरतील, बेटं उरतील आणि त्यांचा अर्क काढता येईल. त्याने उठून वहीत चार ओळी खरडल्या. गंमत म्हणजे त्यात मधुमेहाचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा चुकलं होतं.

आठवडाभरात तो टोरंटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑडच्या समोर बसला होता. मॅक्लिऑड या विषयातला मोठा माणूस. समोर एक हाडांचा डॉक्टर, ज्याला संशोधनाचा अनुभव नाही आणि विषयाचं वाचनही नाही. त्याला फारशी आशा वाटली नाही, पण शेवटी त्याने जागा, काही कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट नावाचा एक तरुण मदतनीस दिला.

१७ मे १९२१ ला काम सुरू झालं. मॅक्लिऑड उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी स्कॉटलंडला गेला आणि हे दोघं उकाड्यात राबत राहिले. सुरुवातीचे बरेच कुत्रे मेले. जुलैच्या शेवटी एका कुत्र्याला अर्क टोचला आणि त्याची रक्तातली साखर खाली आली. पुढे मार्जोरी नावाची कुत्री स्वादुपिंड नसताना या अर्कावर दोन महिन्यांहून जास्त जगली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नळी बांधायची बँटिंगची मूळ कल्पना शेवटी गरजेचीच ठरली नाही. कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या ताज्या स्वादुपिंडातूनही अल्कोहोल वापरून अर्क काढता येतो, हे त्यांना काही महिन्यांत कळलं. पण त्या चुकलेल्या वाटेवरूनच ते मुक्कामाला पोहोचले.

पहिलं इंजेक्शन फसलं

११ जानेवारी १९२२. टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. वजन जेमतेम २९ किलो. त्याला अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं. साखर थोडी उतरली, पण अर्क इतका गढूळ होता की टोचल्या जागी गळू झालं. प्रयोग थांबवावा लागला.

जेम्स कॉलिप हा रसायनाचा जाणकार नुकताच या गटात आला होता. त्याने दिवसरात्र एक करून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला लिओनार्डला पुन्हा इंजेक्शन दिलं. रक्तातली साखर ५२० वरून १२० वर आली. पोरगा उठून बसायला लागला.

गोष्ट इथे गोड व्हायला हवी होती, पण या चौघांत धुसफूस वाढत चालली होती. बँटिंग तापट होता. आपलं श्रेय मॅक्लिऑड लाटतोय असं त्याला वाटायचं आणि कॉलिपशी तर त्याची प्रयोगशाळेतच जुंपली होती. त्यात मोठ्या प्रमाणावर अर्क बनवायला गेले आणि तो जमेनाच. काही आठवडे असे गेले की औषध सापडलंय हे जगाला कळलं होतं, पण हातात औषध नव्हतं. इकडे देशोदेशींच्या आईबापांची पत्रं येऊन पडत होती.

टेडी आणि एलिझाबेथ

त्यातलं एक पोर म्हणजे टेडी रायडर. वय ५ वर्षं, वजन सुमारे १२ किलो. आपल्याकडे दीड-दोन वर्षांच्या बाळाचं असतं तेवढं. त्याचा काका डॉक्टर होता, त्याने बँटिंगला गळ घातली. औषध अपुरं होतं म्हणून बँटिंगने सप्टेंबरमध्ये आणायला सांगितलं. काकाने कळवलं की सप्टेंबरपर्यंत टेडी राहणारच नाही. जुलै १९२२ मध्ये टेडी टोरंटोला पोहोचला.

ऑगस्टमध्ये आली एलिझाबेथ ह्यूज. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी. अकराव्या वर्षी मधुमेह झाला होता आणि तीन वर्षं ती ॲलनच्या उपासावर तग धरून होती. पंधराव्या वर्षात असलेल्या या मुलीचं वजन उरलं होतं २० किलोच्या आसपास. बापाच्या हातात एवढी सत्ता, पण तीन वर्षं तो फक्त लेकीला झिजताना बघू शकत होता.

इन्सुलिन सुरू झालं आणि काही आठवड्यांत दोघांच्या अंगावर मांस चढायला लागलं. एलिझाबेथ पुढे कॉलेजला गेली, लग्न केलं, तीन मुलांची आई झाली. टेडीने वर्षभराने बँटिंगला पत्र लिहून कळवलं की तो आता चांगला जाडजूड झालाय आणि झाडावरही चढतो.

मग दातांचा प्रश्न आला

पाच वर्षांच्या कुठल्याही मुलाच्या तोंडात दिसतात २० दुधाचे दात. पण खरं काम चाललेलं असतं आत, जबड्यात. तिथे पक्के दात तयार होत असतात. दातावरचं पांढरं टणक कवच, म्हणजे एनॅमल, याच वयात थरावर थर चढवत बनतं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमलचं तसं नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत काम करतात आणि मग संपतात. त्या काळात शरीराला मोठा झटका बसला, मग तो कुपोषणाचा असो किंवा गंभीर आजाराचा, तर त्याची खूण दातावर आयुष्यभर राहू शकते. कुठे खड्डा, कुठे पांढरा-पिवळा डाग, कुठे पातळ राहिलेलं कवच.

इन्सुलिन आलं, पोरं जगायला लागली आणि डॉक्टरांना या गोष्टी दिसायला लागल्या. आज जे माहीत आहे ते थोडक्यात असं.

पहिली गोष्ट एनॅमलची. ज्या वयात कवच बनतंय त्याच वयात मधुमेह झाला आणि साखर सतत वर राहिली, तर एनॅमलमध्ये दोष राहण्याचा धोका वाढतो. तो प्रत्येक मुलात दिसतोच असं नाही. काही अभ्यासांत तो जास्त आढळला, काहींत फारसा नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. मधुमेह असलेल्या काही मुलांमध्ये पक्के दात नेहमीपेक्षा लवकर येताना दिसले आहेत, खास करून दहा वर्षांच्या पुढे. काही अभ्यासांत उलट उशीरही दिसला. मुलाचं वय, आजार किती वर्षांपासून आहे आणि साखर किती ताब्यात आहे, यावर बरंच अवलंबून असतं. दात वेळेच्या मागेपुढे आले तर ओळ वाकडी होऊ शकते, म्हणून डॉक्टर लक्ष ठेवायला सांगतात.

तिसरी आणि सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे हिरड्या. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढायची ताकद कमी पडते आणि बारीक रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो. हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाची जी झीज एरवी मोठेपणी दिसते, तिची सुरुवात या मुलांमध्ये लहान वयातच होऊ शकते.

चौथी गोष्ट लाळेची. साखर जास्त असली की तोंड कोरडं पडतं. लाळ दात धुवून काढण्याचं काम करते. तीच कमी झाली की किडीला रान मोकळं. त्यात साखर अचानक उतरली की मुलाला ज्यूस किंवा ग्लुकोज द्यावंच लागतं, कधी कधी मध्यरात्रीसुद्धा. ते द्यायलाच हवं, त्यात कसूर नको. फक्त मूल सावरल्यावर पाण्याने चूळ भरून घ्यायची.

आणि हा मामला दोन्ही बाजूंनी चालतो. साखरेमुळे हिरड्या बिघडतात आणि हिरडीतल्या किंवा दाताच्या मुळाशी असलेल्या पुवामुळे साखर चढते. कधी कधी साखर का ताब्यात येत नाही याचं उत्तर तोंडात सापडतं.

घरच्यांनी काय बघायचं?

दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येतं. मधुमेह असलेल्या मुलाच्या बाबतीत ते महागात पडू शकतं. दर सहा महिन्यांनी दात दाखवायचे. मुलाला मधुमेह आहे आणि कुठलं इन्सुलिन चालू आहे, हे दातांच्या डॉक्टरला आधीच सांगायचं. शक्यतो सकाळची वेळ घ्यायची, नेहमीचा नाश्ता आणि इन्सुलिन झाल्यानंतरची. सोबत ग्लुकोज ठेवायचं. दात दुखतोय म्हणून मूल जेवत नसेल तर इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही, मधुमेहाच्या डॉक्टरला फोन करून विचारायचं.

आणि दिलासा देणारी गोष्ट अशी की साखर ताब्यात असेल आणि दोन वेळा नीट ब्रश होत असेल, तर या मुलांचे दात इतर मुलांसारखेच चांगले राहू शकतात.

१ डॉलरचा सौदा

बँटिंगला १९२३ सालचं नोबेल मिळालं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. वैद्यकशास्त्रात इतक्या कमी वयात नोबेल मिळवणारा अजून दुसरा कुणी झालेला नाही. पण नोबेल मॅक्लिऑडबरोबर विभागून आहे आणि बेस्टचं नाव नाही म्हटल्यावर बँटिंग भडकला. त्याने आपल्या वाट्याचे निम्मे पैसे बेस्टला देऊन टाकले. मग मॅक्लिऑडनेही आपल्यातले निम्मे कॉलिपला दिले.

पेटंटमधून हे लोक गडगंज झाले असते. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे हक्क टोरंटो विद्यापीठाला विकले, प्रत्येकी १ डॉलरला. ज्याच्या दवाखान्याची महिन्याची कमाई ४ डॉलर होती, तो माणूस कोट्यवधींच्या औषधाचे १ डॉलर घेऊन मोकळा झाला.

पुढचं आयुष्य मात्र फार सुखाचं नव्हतं. पहिलं लग्न मोडलं. प्रसिद्धीचा त्याला कंटाळा यायचा. रंगपेटी घेऊन चित्रकार मित्रांबरोबर तो कॅनडाच्या बर्फात फिरायचा. १९३४ ला सर ही पदवी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा सैन्याच्या कामाला लागला. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडला जायला निघालेलं त्याचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं आणि २१ तारखेला तो गेला. वय होतं ४९.

त्याच्या हातचं इन्सुलिन घेतलेली पोरं त्याच्यानंतरही जगत राहिली. एलिझाबेथ १९८१ मध्ये वारली, ७३ व्या वर्षी. आणि जो टेडी सप्टेंबरही बघणार नव्हता, तो इन्सुलिनवर ७० वर्षं जगला. १९९३ मध्ये तो गेला तेव्हा ७६ वर्षांचा होता.

त्यामुळे येत्या १४ नोव्हेंबरला बालदिन साजरा करताना, घरात किंवा ओळखीत मधुमेह असलेलं मूल असेल तर त्याच्या साखरेइतकीच त्याच्या दातांचीही विचारपूस करा. पक्के दात नीट येतील ना, ही काळजी करता येणं हेच मुळात बँटिंगच्या त्या चुकीच्या स्पेलिंगच्या चिठ्ठीमुळे शक्य झालंय.